मागच्या सीटवरचे चौसष्ट किलो

चाकमास्तर नाकावर माशी बसू द्यायचा नाही. वेगाच्या गाड्यांना कुठल्या मापाची चाकं आणि किती रुंद टायर घालायचे, हे ठरवणं हा त्याचा धंदा. बारा वर्षांत एकही गाडी ‘टायर घासतोय’ म्हणून परत आली नव्हती, आणि हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. गिऱ्हाईक मोबाइलवर मापांचे तक्ते दाखवायला लागलं की म्हणायचा, “मग तक्त्यालाच बसवून घ्या की टायर.”

त्याची पद्धत त्याची होती. नवं चाक लावलं की मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेला लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे चिकटवायचे, गाडीत वजन बसवायचं आणि गाडी सावकाश एका जाड फळीवरून न्यायची. चाक वर उचललं जातं, टायर मातीला दाबतो. मग उरलेल्या मातीची जाडी मोजायची. चार मिलिमीटर उरली तर टायर पास. कमी भरली तर एक माप खाली, मग गिऱ्हाईक कितीही रुसो.

आणि वजन म्हणजे त्याची बायको. वाळूचं पोतं त्याला चालायचं नाही. पोतं नुसतं पडून राहतं, माणूस गाडीबरोबर हलतं, असं त्याचं ठाम मत. दुकान घराच्या पुढच्या अंगालाच होतं. हाक मारली की ती हात पुसत यायची आणि मागच्या सीटवर, उजव्या चाकाच्या बरोबर वर, बसायची. दुकान काढलं त्या वर्षी त्याने तिला काट्यावर उभं केलं होतं आणि तो आकडा भिंतीवर रंगाने लिहून ठेवला होता: चौसष्ट. “बायकोचं वजन कुणी भिंतीवर लिहितं का हो?” असं ती तेव्हा म्हणाली होती, पण हसत.

तर अशा या मास्तराकडे वकिलाची गाडी परत आली.

वकील तरुण होता, गाडी चारदारी पण अंगात वारं भरलेली. महिन्यापूर्वी त्याने मागच्या चाकांना दोनशे पंच्याऐंशी मिलिमीटर रुंदीचे टायर मागितले होते. मास्तराने त्याला वेड्यात काढलं होतं. त्याच्या अंदाजाने दोनशे पासष्टच्या वर जागा नव्हती. पण दोनशे पंच्याहत्तर लावून पाहिले, तर माती चक्क पाच मिलिमीटर उरली. मास्तर दिवसभर खूश होता. जेवतानाही त्या पाच मिलिमीटरचंच कौतुक चाललं होतं, आणि बायको ताटात बोटं फिरवत ऐकत होती.

आता वकिलाने मागचं उजवं चाक दाखवलं. टायरच्या खांद्यावर, म्हणजे बाहेरच्या कडेला, सोलल्यासारखा पट्टा उठला होता.

“आई मागे बसली की खड्ड्यात घासतं,” वकील म्हणाला.

आई बरोबरच आली होती. “म्हणजे खापर माझ्यावर,” ती म्हणाली. “अहो, मी बासष्ट किलो आहे. मागच्याच आठवड्यात मोजलंय.”

मास्तराला ते झोंबलं. त्याने चाक काढलं, रिम तपासली, स्प्रिंगा पाहिल्या. सगळं जागच्या जागी. वकील गाडी कशी हाकतो यावरही शंका घेऊन झाली. शेवटी तो म्हणाला, “बसा काकू मागे. आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष लावू.” मातीचे ताजे गोळे चिकटवले, गाडी फळीवरून नेली. माती पापडासारखी चपटी झाली होती. एक मिलिमीटरही धड नाही.

“हे कसं शक्य आहे,” तो पुटपुटला आणि त्याने आत हाक मारली. “अगं, जरा ये गं.”

बायको आली. उकाडा असूनही अंगात स्वेटर होता. काकू उतरल्या, ती बसली. तीच गाडी, तीच फळी, तीच माती. मास्तराने व्हर्नियर लावला: पाच.

“बघा,” तो जिंकल्यासारखा म्हणाला. “ही चौसष्टची बसली तर पाच उरतात, आणि तुम्ही बासष्टच्या...”

बासष्टला एकही नाही आणि चौसष्टला पाच? जास्त वजनाला माती जास्त दाबली जाते, हे तर तोच येणाऱ्या-जाणाऱ्याला शिकवायचा.

काकूंनी उतरणाऱ्या बायकोला हात दिला होता. तिचं मनगट धरून त्या हळूच म्हणाल्या, “चौसष्ट? अगं, तू कसली चौसष्टची?”

गाडीच्या चाकांखाली ठेवायचे काटे कोपऱ्यात होते. मास्तराने त्यातला एक ओढून आणला. ती त्याच्याकडे बघत स्वेटर काढून काट्यावर चढली. आतला झगा कमरेला दोन ठिकाणी पिन लावून आवळलेला होता.

सत्तेचाळीस.

“किती दिवस?” त्याने विचारलं.

“खाल्लं की पोटात दुखतं,” ती म्हणाली. “म्हटलं, तुमची कामं उरकू देत. सांगणारच होते.”

मास्तराने भिंतीवरच्या चौसष्टकडे पाहिलं. अर्ध्या मिलिमीटरसाठी गिऱ्हाइकाशी भांडणाऱ्या या माणसाला रोज समोर बसून जेवणाऱ्या बायकोचे उतरलेले सतरा किलो दिसले नव्हते. वकिलाच्या गाडीआधी आलेल्या कुणाच्या तरी हिरव्या गाडीतही जागा जास्त निघाली होती. त्याआधीच्या काळ्या गाडीतही. दर वेळी त्याने स्वतःचीच पाठ थोपटली होती. त्याला स्वतःची इतकी किळस आली की वकिलाकडे मान वर करून बघवेना.

“टायर राहू द्या, मास्तर,” वकील म्हणाला. “आधी यांना दाखवा.”

तपासण्या होऊन चार दिवसांनी दोघं डॉक्टरीणबाईंसमोर बसले. कागद चाळून झाल्यावर बाईंनी चष्मा काढला. गाठ मोठी होती आणि पसरली होती.

“वजन केव्हापासून उतरतंय?” त्यांनी विचारलं.

मास्तराने मनातल्या मनात जास्त जागा निघालेल्या गाड्या मागे मागे मोजल्या. “आठ महिने,” तो म्हणाला.

बाईंचा पेन थांबला. “इतकं नेमकं माहीत आहे तुम्हाला? मग आणलं का नाही आधी? तेव्हा काहीतरी करता आलं असतं.”

मास्तराने तोंड उघडलं, पण त्याच्याआधी बायकोच बोलली.

“त्यांना नका बोलू, बाई. मीच लपवत होते. त्यांच्याच लक्षात आलं शेवटी. फार बारीक लक्ष असतं त्यांचं माझ्याकडे.”

हे ती अगदी खरं वाटावं असं म्हणाली. मास्तराला ओरडून सांगायचं होतं की हे खोटं आहे. पण तिने त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता, आणि तिला एवढं तरी राहू द्यावं म्हणून तो गप्प बसला.