सत्तावीस तिकिटांची मागची बाजू

मायाने चौकटीची काच उचलून टेबलावर ठेवली आणि चिलीचं टपाल तिकीट चिमट्याने सोडवलं. तिकीट सुटं नव्हतं. पत्राच्या पातळ निळ्या कागदाच्या चौकोनासकट कापलेलं होतं. तिने तो चौकोन उलटा करून पुन्हा बसवला, काच लावली आणि पुढची चौकट ओढली.

बदलापुरातल्या वाचनालयाचं सभागृह दहाला उघडणार होतं. दारावर बॅनर लागला होता : 'तिकिटांतून जगप्रवास – किसन सरांचा संग्रह.' किसन तिचा थोरला भाऊ, भूगोलाचा निवृत्त शिक्षक. तो स्वतः पुण्यापलीकडे कधी गेला नव्हता. पण देश शिकवताना वर्गात तिकिटं फिरवायचा आणि परदेशी पत्रमित्रांनी पाठवली म्हणून सांगायचा.

आठ दिवसांपूर्वी त्यानेच तिला घरी बोलावलं होतं. तिचं अक्षर चांगलं. देशांच्या नावांच्या चिठ्ठ्या लिहून हव्या होत्या. पंख्याच्या वाऱ्याने डेन्मार्कचं तिकीट पालथं झालं आणि मागे शाईतली अर्धी ओळ दिसली : 'माया, हितं बरफ परतंय'.

'पडतंय'चं 'परतंय' लिहिणारा तिच्या ओळखीत एकच होता, चामटोलीचा बाळा. सत्त्याऐंशी साली तो मालवाहू जहाजावर लागला, तेव्हा प्रत्येक बंदरातून पत्र टाकीन म्हणाला होता. पोस्टमन अंबरनाथच्या त्यांच्या घरी दुपारी यायचा. माया त्या वेळी उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात मशीनवर असायची आणि किसन सकाळची शाळा आटपून घरी.

"खलाशी तो. त्यात आपल्यातला पण नाही. विसरला असेल," किसन म्हणायचा.

दोन वर्षं वाट पाहून तिने किसनने आणलेल्या स्थळाला होकार दिला. नवरा वाईट नव्हता. सहा वर्षांपूर्वी तो गेला. बाळा मात्र गावी परत आलाच नाही, आईच्या मयतालासुद्धा नाही.

त्या दिवशी तिने सत्तावीस तिकिटं एकेक करून पालथी घातली, वाचली, जागेवर ठेवली.

"दादा, चौकटी मी लावते," ती म्हणाली. "तू उगाच दगदग करू नको."

साडेदहापर्यंत सभागृह भरलं. लोक चौकटींसमोर थांबत, वाकत, एकमेकांकडे बघत.

"ताई, हे चुकून उलटं लागलंय का?" एका गृहस्थांनी विचारलं.

"नाही. देशाचं नाव बघा आणि वर काय लिहिलंय ते वाचा."

घाना : 'पत्ता बदलला काय तुझा'. ब्राझील : 'आयेला सांगलंय मी'. जपान : 'एक ओळ तरी'.

किसन नवीन जाकीट घालून आला. लोक जय भीम घालत होते, तो हसून उत्तर देत होता. तिसऱ्या चौकटीपाशी त्याचं हसू थांबलं. हात खिशातल्या चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला. मग तो सरळ मायाकडे आला.

"सरळ कर ती. आत्ताच्या आत्ता."

"सरळच आहेत, दादा."

"लोकांसमोर तमाशा करू नको. मी तेव्हा तुझ्या भल्यासाठीच..."

"हे माईकवर सांग ना. सगळ्यांना ऐकू जाईल."

त्याचे कान लाल झाले. कपाळावर घाम आला. माया नजर न हलवता बघत राहिली. आठ दिवस तिला घास गोड लागला नव्हता. आता पोटातून बरं वाटत होतं.

तेवढ्यात घानाच्या चौकटीपाशी कुणीतरी मोठ्याने वाचताना ऐकू आलं. रखमावहिनी, किसनची बायको. लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. पुढे मायानेच आपल्या मुलीच्या पाटीवर तिला शिकवलं होतं. अजूनही ती बोट ठेवून, जोडून जोडून वाचायची.

"पत्ता... बद... ल... ला." ती थांबली. "माया, हा निळा कागद..."

"वहिनी, तू बस जरा."

"चौकोन कापून झाला की उरलेला कागद हे मला द्यायचे बंबात घालायला. लगेच पेटतो म्हणून मीच मागून घ्यायची." रखमाचं बोट काचेवरून उठलं नाही. "तू कामावरून यायचीस ना दमून. तुझ्याच आंघोळीचं पाणी तापायचं गं त्यावर."

किसनला काय काय सुनवायचं ते मायाने शब्दाशब्दाने ठरवून ठेवलं होतं. या बाईसाठी तिच्याकडे काहीच नव्हतं.

"किसन सर आणि रखमाताई, दोघंही प्लीज स्टेजवर या," सूत्रसंचालन करणारी करिष्मा माईकवरून म्हणाली. "आपण सत्काराने सुरुवात करूया."

किसनने बायकोकडे पाहिलं. ती चौकटीकडेच बघत होती. तो एकटाच पायऱ्या चढला आणि दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसला.

"रखमाताई, या ना, प्लीज," करिष्माने पुन्हा हाक मारली.

रखमाने डोळ्यांना पदर लावला, मान न वळवता मायाचं मनगट धरलं आणि पुढच्या चौकटीकडे सरकली.

"हा कुठला देश गं?"

"मोरोक्को," माया म्हणाली.

रखमाने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.