चौथ्या कलमाचे आंबे

हाशिमचाचांना बागेतलं सगळं कळे, एक साका तेवढा कळत नसे. तो कळतो तरी कोणाला म्हणा! हापूस वरून सोन्यासारखा, घर वासाने भरलेलं, आणि कापला की आत पांढरट, फोपसा, आंबट गर. गेल्या वर्षी लेकीला, लायबाला, एक स्थळ सांगून आलं. चाचांनी हौसेने त्यांच्याकडे पेटी धाडली आणि निम्मे आंबे साक्याचे निघाले. आंब्यामुळे सोयरीक फिसकटली असं कोणी म्हटलं नाही. पण 'वरून झकास, आत नुसता साका' हे वाक्य भाट्ये गावापासून साऱ्या किनाऱ्याने ऐकलं, आणि ते आंब्याबद्दल होतं की मुलीबद्दल, हे कोणी सांगेना.

यंदा लायबाची मंगनी झाली होती. हर्णैच्या नव्या व्याह्यांकडे पहिली पेटी जायची होती, आणि चाचांची झोप उडाली होती.

म्हणून पुतणी निदा जेव्हा म्हणाली, "चाचा, न कापता साका ओळखायला कॉम्प्युटरला शिकवूया," तेव्हा त्यांनी लगोलग माजघरातलं टेबल रिकामं करून दिलं. साल दोन हजार चार. निदा रत्नागिरीतच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला प्रोजेक्ट हवाच होता.

काम असं चाले. चाचांनी आंबा तोलून द्यायचा, कुठल्या कलमाचा, काढल्यावर कातळावर उन्हात किती वेळ पडला, ते सांगायचं. बिल्किसचाचीने मागल्या पडवीत विळीवर तो कापायचा आणि तिथूनच ओरडायचं, "बरा!" नाहीतर "साका!" निदा टाइप करी. त्या दिवसांत घरात आंबा सोडून दुसरं काही कोणाच्या घशाखाली उतरलं नाही.

"आता ह्यातनं तू नियम काढणार?" चाचांनी विचारलं.

"मी नाय काढत. तो आपला आपण वाढतो, चाचा. मी फक्त व्याकरण दिलंय, कशापुढे काय येऊ शकतं तेवढंच. त्यात बसतील अशी शेकडो वाक्यं हा बनवतो. 'जड असेल तर साका', 'सावलीतला असेल तर बरा', कायपण. मग एकेक वाक्य आपल्या आंब्यांवर तपासायचं. चुकतात ती मरतात. जरा बरी निघतात त्यांची जोडी लावायची. अर्धं ह्याचं, अर्धं त्याचं, अशी त्यांना पोरं होतात."

चाचा पडद्यावर वाकले. "वाक्यांचा पण निकाह लावतंस काय गो तू?"

"तसंच धरा."

"आणि पोर वेडंबिद्रं झालं तर?"

"व्याकरण पाळलं की वाक्य मोडकं होत नाय. खोटं असलं तर मरतं."

खुंट एकाचा नि काडी दुसऱ्याची, हे चाचांना समजत होतं. जन्मभर त्यांनी कलमंच बांधली होती. पण तिथे फळ धरायला वर्षं जातात. इथे चहा निवायच्या आत शंभर पिढ्या मेल्या. चाचांच्या डोक्याचा पार भुगा झाला, आणि त्याचबरोबर त्यांना त्या डबड्याचा आदरही वाटू लागला.

शेवटी एक वाक्य जगलं. चौथ्या कलमाचा असेल तर बरा. नसेल, तर जड आणि उन्हात पडलेला तो साका, बाकीचे बरे.

"चौथंच का?"

"मलापण कळत नाय," निदा म्हणाली. "पण थोडे आंबे मी त्याला दाखवलेच नव्हते, मुद्दाम बाजूला ठेवलेले. त्यांच्यावरपण बरोबर आलं. शंभरात त्र्याण्णव."

चाचा बागेत गेले आणि चौथ्या कलमाभोवती खुळ्यासारखे फिरले. तोच कातळ, तेच ऊन. सगळी कलमं दापोलीहून एकाच खेपेला आणलेली. फरक म्हणाल तर चौथ्याचा खड्डा लेकाने, रेहानने, खणला होता, आठवीत असताना, कोणाला हात लावू न देता. रेहान आता कुवेतला होता. तीन मोसम झाले, पोरगा घरी आला नव्हता. पण खड्डा कोणी खणला ह्याचा साक्याशी काय संबंध? चाचांना काही केल्या उलगडेना. मात्र मशीन कशाला खोटं बोलेल? त्याला ना कोणाची सोयरीक, ना कोणाची भीड. त्यांनी चौथ्याचेच आंबे उतरवून पिकत घातले आणि त्यांचीच पेटी भरली.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज उरकून आल्यावर ते पेटीला सुतळी बांधू लागले, तेव्हा चाचीने वर हात ठेवला.

"ही धाडू नका."

"अगो, मशीनने सांगितलंय."

"मशीनने नाय. मी सांगितलंय." तिने पेटीतला एक आंबा घेऊन विळीवर धरला. साका. दुसरा बरा निघाला. तिसरा पुन्हा साका.

"चौथ्याचा कापला की माझ्या तोंडातनं 'बरा'च यायचं," चाची म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पोराने लावलेलं झाड. त्याला वाईट कसं म्हणू? साक्याचा गर मीच गिळून टाकला."

निदाने टेबलापाशी जाऊन ते वाक्य परत वाचलं. बाजूला ठेवलेले आंबेही चाचीनेच कापले होते. एवढ्या पिढ्या जन्मल्या नि मेल्या, आणि जे वाक्य उरलं ते आंब्याबद्दल नव्हतंच. आंबा कापून चाची काय म्हणेल, एवढंच ते सांगत होतं, आणि ते मात्र त्याने अचूक हेरलं होतं.

चाचा भडकले. "लायबाचं नाव परत किनाऱ्याभर खराब झालं असतं! पोरीचा तरी विचार करायचास!" मग धुसफुसत त्यांनी पेटी उपसली आणि बाकीच्या कलमांचे हलके, सावलीत ठेवलेले आंबे भरले. तिथे तरी चाची खरं बोलली होती.

तेवढ्यात फोन वाजला. दर शुक्रवारी वाजायचा तसाच.

"बाबा, माझ्या कलमाचे आंबे कसे हायत यंदा?"

चाचांनी जन्मात कधी साक्याला बरा म्हटलं नव्हतं; गिऱ्हाईक परत गेलं तरी नाही. समोर पाटावर चिरलेला आंबा पडला होता, पांढरा, फोपसा. चाची पदर तोंडाला लावून त्यांच्याकडे बघत होती.

"बरे," चाचा म्हणाले. "सगळे बरे. एकपण साका नाय."