दोन तास पुढे

मित्रांनो, मी एक जुनं, किल्लीवर चालणारं भिंतीवरचं घड्याळ आहे. माझ्या जातीची घड्याळं आपली कहाणी छाती फुगवून सांगतात. मी मात्र मान खाली घालून सांगणार आहे, कारण माझी नऊ वर्षं खोटं बोलण्यात गेली.

मला एका म्हाताऱ्या घड्याळजीने जुळवलं. डोळ्याला भिंग लावून तो आठवडाभर माझ्यावर वाकून बसला होता. शेवटी लंबक हलला तेव्हा शेजारच्या दुकानदाराला ओरडून म्हणाला, "अहो, महिन्यात अर्ध्या मिनिटाचाही फरक करणार नाही हा गडी!"

तिथून मी एका शाळेत गेलो. परीक्षेत माझ्याकडे बघून मुलं घाईघाईने लिहायला लागायची, पण माझ्यावर शंका कधी कुणी घेतली नाही. मुख्याध्यापक पाहुण्यांना सांगायचे, "आमचं घड्याळ म्हणजे शब्दाचं पक्कं." ते ऐकून मी असा काही फुगायचो की विचारू नका. पुढे शाळेची नवी इमारत झाली, नवी घड्याळं आली आणि मला पोलीस ठाण्याला देऊन टाकलं.

ठाण्यातल्या मोठ्या साहेबांनी मला मागच्या चौकशीच्या खोलीत लावायला सांगितलं. खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, चार खुर्च्या आणि डोक्यावर दिवा. मला वाटलं, आपल्याला बढती मिळाली. कसली बढती आणि कसलं काय!

साहेब कुणावर हात उगारत नसत, आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. त्यांची रीत वेगळी होती. आत येणाऱ्याचं घड्याळ आणि फोन पाकिटात बंद व्हायचे. पोलीसही आपापली मनगटी घड्याळं बाहेरच्या खणात ठेवून आत यायचे. तासभर चौकशी झाली की संशयिताला पलीकडच्या बंद खोलीत पाऊण तास नुसतं बसवायचे. तेवढ्यात हवालदार स्टुलावर चढून माझे काटे दोन तास पुढे सरकवायचा. माणूस परत आला की साहेब हळहळून म्हणायचे, "एवढा वेळ झाला, तुमचं कोणी आलं नाही हो!" आपल्याला सगळ्यांनी वाऱ्यावर सोडलं असं वाटलं, की माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो.

एके दिवशी एका बंगल्यातल्या स्वयंपाकीणबाईंना आणलं. मालकिणीचा हार गेला होता. बाईंची पाच महिन्यांची मुलगी घरी नणंदेपाशी होती. नवरा रंगारी. तो दारातच सांगून गेला होता, "घाबरू नकोस, तीनच्या आत वकील घेऊन येतो."

"मी हार घेतला नाही." प्रत्येक प्रश्नाला बाईंचं एवढंच उत्तर. हवालदाराने टेबल आपटलं तरी तेच, साहेबांनी चहा पुढे केला तरी तेच.

"बाई, पोपटासारखं तेच तेच काय बोलता?"

"खरं एकच असतं साहेब. दुसरं कुठून आणू?"

मग त्यांना पलीकडे बसवलं, माझे काटे फिरवले आणि परत आणलं. खरे वाजले होते दोन. मी चार दाखवत होतो.

साहेब म्हणाले, "चार वाजले. नवरा काही आला नाही. पुरुषाचं मन फिरायला कितीसा वेळ लागतो? इथं सही करा, लगेच घरी सोडतो. पोर उपाशी असेल ना?"

बाईंनी वर माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्यांनी पेन उचललं, नावाचं पहिलं अक्षर काढलं. आणि थांबल्या. त्यांनी छातीशी हात नेला.

"साहेब, चार वाजले नाहीत."

"समोर घड्याळ दिसत नाही का?"

"दिसतंय की. पण मी पोरीला बाराला पाजून निघाले. तिची पुढची वेळ तीनची. तीन वाजले की माझं अंग दाटून येतं, कपडे भिजतात. अजून तर काहीच नाही." मग त्यांनी साहेब, हवालदार आणि कोपऱ्यात उभी असलेली महिला शिपाई अशा तिघांच्या हातांकडे पाहिलं. "आणि तुम्हा सगळ्यांच्या मनगटावर पट्ट्याचे वण आहेत, घड्याळ मात्र एकाच्याही हातात नाही. सगळी एकदम दुरुस्तीला टाकलीत होय?"

महिला शिपायाने खाली पाहिलं. तीही दोन मुलांची आई होती.

बाईंनी पेन ठेवून दिलं. "मी थांबते," म्हणाल्या. साहेब ओरडले, मग गोड बोलले, मग पुन्हा ओरडले. बाईंनी पेनाला पुन्हा हात लावला नाही. मी चारवरून पाचकडे चाललो होतो. माझी एकेक टिकटिक मलाच थोबाडीत बसत होती.

मी पाच दाखवले आणि थोड्याच वेळात बाईंच्या कपड्यांवर ओल उमटली. इतका वेळ कोरडे राहिलेले त्यांचे डोळेही वाहायला लागले.

"आता वाजले तीन," त्या म्हणाल्या. "रडत असेल हो माझी पोर."

महिला शिपाई पुढे झाली, आपला टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला आणि साहेबांना न विचारता दार उघडलं. बाहेर रंगारी घसा ताणून भांडत होता, "अहो, तीनला पाच कमी होते तेव्हापासून उभे आहोत आम्ही!" सोबतच्या वकिलाने आत येऊन माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे.

"हे दोन तास पुढे कसं?"

"जुनं आहे," साहेब म्हणाले. "बिघडलंय."

माझ्या यंत्राचा एकही दात झिजलेला नव्हता. पण कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

बाई सुटल्या. हार मालकिणीच्याच प्रवासाच्या बॅगेत सापडला. महिला शिपायाने सगळं लिहून दिलं आणि पुरावा म्हणून मला कोर्टाच्या कोठारात ठेवलं. इथले कारकून कौतुकाने दाखवतात, "बाईंना सोडवणारं घड्याळ ते हेच!" मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्यांना सोडवलं त्यांच्या लेकीच्या भुकेने. मी तर त्यांना बुडवायला टपलो होतो.

इथेच थांबलो तर गोष्ट गोड होईल, मित्रांनो. पण एक सांगायचं राहिलंय.

बाईंच्या वर्षभर आधी एका पोस्टमनला आणलं होतं. टपालाची पिशवी चोरल्याचा आळ होता. "चारच्या आत दादा येईल," एवढाच त्याचा धोशा. मी पावणेसहा दाखवले. "दादानेच शब्द मोडला, मग आता कुणासाठी भांडू?" असं म्हणून त्याने सही केली. त्याला मागच्या दाराने नेलं, आणि पाचच मिनिटांत पुढच्या दारातून आवाज आला, "चारला दहा कमी आहेत, मला माझ्या भावाला भेटू द्या!"

मी तो आवाज ऐकला. पोस्टमनने ऐकला नाही.

तो अजून तुरुंगात आहे. त्याची फाईल पुन्हा उघडेल की नाही, मला ठाऊक नाही. मला इथं आणून ठेवताना महिला शिपाई कारकुनाला सांगत होती, की दादा दर महिन्याला भेटायला जातो, आणि हा भेटायला बाहेरच येत नाही. पत्रंही न फोडता परत पाठवतो.

मित्रांनो, घड्याळाची काच पुसा, त्याला वेळेवर किल्ली द्या, पण कुणाला घाबरवायला त्याचे काटे फिरवू नका. आणि तुमच्यापैकी कुणी त्या तुरुंगाच्या वाटेने गेलं, तर त्या पोस्टमनला एवढं सांगा, की तुझा दादा वेळेवर आला होता.