शर्टाचा खोल अर्थ

एकाच बाजूने आरपार दिसणाऱ्या काचेच्या पलीकडे अंधारात पावडर कंपनीची माणसं बिस्किटं खात बसली होती. अलीकडे उजेडात आठ बायका होत्या. त्यांनी कपडे धुण्याच्या पावडरीबद्दल मनातलं, म्हणजे अगदी तळातलं, बोलायचं होतं. वरवरचं ऐकायला साहेबांच्या बाजार-संशोधन संस्थेला कुणी बोलावत नसे.

"पावडर चांगली आहे का?" असं थेट विचारणं तिथे असभ्यपणाचं समजलं जाई. पावडर माणूस असती तर कशी चालली असती, तिचं माहेर कसं असतं, हे विचारायचं. लोक स्वतःबद्दल बोलताना सावध असतात, पावडरीच्या माहेराबद्दल बोलताना बेसावध होतात, असं साहेब म्हणत. त्यांची दाढी बघून ते पटेही.

बायकांना बोलतं करायचं काम संस्थेतल्या नव्या ताईकडे होतं. तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं आणि हा तिचा शेवटचा गट. रिपोर्ट पसंत पडला तर नोकरी कायम, नाहीतर नमस्कार.

पावडरीचं नाव ऐकून जे सुचेल ते घरून आणा आणि फळ्यावर लावा, असं बायकांना कळवलं होतं. सात जणींनी मासिकातली चित्रं कापून आणली: धबधबा, ढग, गुटगुटीत बाळ. आठव्या होत्या मावशी; त्यांनी पिशवीतून नवऱ्याचा शर्ट काढला आणि चार टाचण्यांनी फळ्यावर ठोकला. खिशाखाली बशीएवढा तेलाचा डाग होता.

"मावशी, हा शर्ट तुम्हाला काय सांगतोय?" ताईने शिकवल्याप्रमाणे विचारलं.

"मला कशाला सांगेल? मीच तुम्हाला सांगतेय. तीनदा धुतला, डाग गेला नाही."

"आणि डागाला बोलता आलं असतं तर?"

"हसला असता मेला."

बायका खिदळल्या. मग धबधब्यावाली उठली, तिने आपला धबधबा फळ्यावरून काढून घेतला आणि म्हणाली, "माझ्या उशांच्या अभ्र्यांचंही तेच आहे हो. मला वाटलं, इथे चांगलं बोलायचं असतं."

शेवटी ताईने एकेक कागद वाटला. त्यावर कपडे वाळत घालणाऱ्या दोन बायकांचं चित्र होतं. एक म्हणतेय, 'मी हीच पावडर वापरते.' दुसरीच्या तोंडासमोरचा फुगा रिकामा. मावशींनी त्यात एकच शब्द लिहिला: 'का?'

गट संपल्यावर साहेब काचेमागून तेजःपुंज चेहऱ्याने बाहेर आले.

"शर्ट रिकामा आहे, लक्षात आलं? आत नवरा नाही. दुरावा! डाग म्हणजे नात्यातली न बोललेली सल. कंपनीला सांगायचं, पावडर नको, जवळीक विका."

"साहेब, नवरा खाली उभा होता. त्यांना न्यायला आलेला. दुसरा शर्ट घालून."

"बायकांना काय म्हणायचंय ते त्यांना कळत नसतं. म्हणून तर आपण आहोत. उद्या चारला रिपोर्ट वाचायचा. कायम व्हायचंय ना?"

शर्ट त्यांनी पुरावा म्हणून ठेवून घेतला. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी तो मागायला हजर.

"आणि मी काय बोलले म्हणून लिहिलंय, तेही वाच."

"चार वाजता कंपनीपुढे हेच वाचायचंय," म्हणत ताईने खाली मान घालून साहेबांचा मजकूर वाचला.

"न बोललेली सल?" मावशींनी चष्मा काढून पुसला. "एकतीस वर्षं त्या माणसाशी बोलतेय मी. न बोललेलं काही शिल्लक आहे का, त्यालाच विचार. हे बघ पोरी, मी डाग म्हटलं की डाग लिहायचं. शर्ट ठेव चारपर्यंत, पण माझं बोलणं मला परत कर."

चार वाजता ताईने साहेबांची पानं खणात टाकली, शर्ट फळ्यावर लावला आणि आठ बायकांची वाक्यं जशीच्या तशी वाचली. त्याला सात मिनिटं लागली. एरवी दोन तास लागत.

"हा कच्चा माल आहे," साहेब घाईने म्हणाले.

कंपनीचे मोठे अधिकारी पुढे वाकले. "याचा अर्थ काय?"

"डाग निघत नाही."

"ते झालं. पण खोल अर्थ?"

ताईने शर्ट उलटा करून लावला. डाग मागूनही दिसत होता.

अधिकाऱ्यांनी बिस्किट खाली ठेवलं. आजवर हजार बायकांच्या मनात उतरून आले होते बिचारे, पण धुतलेला शर्ट पहिल्यांदाच बघत होते. ते उठून निघून गेले.

दार लागताच साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

ताईने फाइलमधून मावशींचा कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. फुग्यातलं 'का?' त्यांनी वाचलं. हात सवयीने दाढीकडे गेला.

"हं. यात दबलेला राग आहे. अधिकाराबद्दलचा, लहानपणापासूनचा..."

"नाही साहेब. प्रश्न आहे," ताई म्हणाली. खुर्ची ओढून ती त्यांच्यासमोर बसली. "उत्तर द्या, मग जाते. आणि पावडरीच्या माहेरून सुरुवात करू नका."