आतली कडी

जळक्या रबराचा वास आला आणि तिचा ब्रश कागदावर अर्ध्यातच थांबला. तिने आजूबाजूला पाहिलं. लांबलचक खोलीत सगळे आपापल्या टेबलाशी मान खाली घालून बसले होते. कोणीच नाक वर केलं नव्हतं. म्हणजे वास फक्त तिलाच येत होता.

म्हणजे फिट येणार होती.

घरी एकटी असताना आली होती, तेव्हा हनुवटीला टाके पडले. "एकटीने बसून काम करायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं, म्हणून तिने या सगळ्यांच्या खोलीत एक टेबल भाड्याने घेतलं. मुलांच्या पुस्तकांची चित्रं घरी आठवडे न् आठवडे रेंगाळायची, ती इथे भराभर होऊ लागली. समोर भाषांतरवाली, पलीकडे नकाशेवाले काका. माणसं मोकळी होती. तरी फिटचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आई रोज फोनवर विचारायची, "सांगून ठेवलंस ना तिथे?" आणि ती रोज म्हणायची, "हो गं आई." लोक आधी हळहळतात, मग हळूच खुर्ची लांब सरकवतात. मागच्या नोकरीत तिने ते पाहिलं होतं.

ती उठली. पळाल्यासारखं दिसू नये म्हणून सावकाश चालत बाथरूममध्ये शिरली, दार लोटलं आणि कडीसाठी हात वर केला.

कडी नव्हती. लाकडावर नुसती स्क्रूची भोकं.



"ताई," बाहेरून भाषांतरवालीचा आवाज आला. "कडी आम्ही काढलीय."

"का?"



"मागच्या सोमवारी तुम्ही आत होतात. हाकेला ओ देईनात. शेवटी काकांनी खांद्याने दार उघडलं. नळ वाहत होता, आणि तुम्ही नुसत्या बघत उभ्या. मी हाताला धरून खुर्चीत आणून बसवलं."

सोमवारचं तिला एवढंच आठवत होतं, की बाही ओली होती आणि ती कशाने भिजली ते कळत नव्हतं. वास आता घशापर्यंत आला होता.

"मग बोलला का नाहीत?"

"फिट असावी हे कळलं होतं, पण तुम्ही सांगाल म्हणून थांबलो. काका तर तेव्हापासून खिशात चमचा घेऊन फिरतात. दातांत धरायला."

"चमचा नको!" ती जवळजवळ ओरडलीच. भिंतीला पाठ टेकून ती खाली बसली. "तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवा. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा. धरून ठेवू नका मला."

दार उघडलं. भाषांतरवाली अंगातलं स्वेटर काढत आत आली. तिचाही चेहरा पांढराफटक पडला होता.

"फिट येतेय," ती भिंतीशी बसूनच म्हणाली. हे ती आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती.

डोळे उघडले तेव्हा गालाखाली लोकर टोचत होती. दारात काका पाठमोरे उभे होते, कुणाला तरी हातानेच थांबवत. भाषांतरवाली शेजारी फरशीवर मांडी घालून बसली होती, मांडीवर लॅपटॉप. तिने लगेच काही विचारलं नाही. पाणी दिलं, घोट गिळेपर्यंत थांबली.

"बरं वाटलं की सांगा," मग ती म्हणाली. "एक शब्द अडलाय मघापासून."

फिटनंतर तिची जीभ जड झाली होती. तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"वाक्य वाच," ती म्हणाली.