पडद्यावरचा भोजराज

भोजराज गेल्यावर जनाबाईने दोन हंगाम तोंडाला रंग लावला नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत या नवराबायकोची जोडी वर्षानुवर्षं गाजली होती. मग एका दिवाळीआधी कंपनीचा मालक कुलदीप वरठीला तिच्या घरी आला. त्याच्या मोबाइलवर भोजराज बोलत होता. तोच आवाज, मान तिरपी करून बघायची तीच लकब.

"नाटकाच्या जुन्या सीड्यांवरून कंपुटरनं बनवला, काकू. मोठ्या पडद्यावर दिसन. तुमी फक्त समोर उभ्या राहा."

जनाबाई हो म्हणाली. तालमीत पडद्यावरच्या नवऱ्याने "जने, जेवली का?" विचारलं, तेव्हा तिला उत्तराचं वाक्य आठवेना. त्या दिवशी घरी येऊन ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

पहिला प्रयोग कोंढ्याच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत होता. मंडप गच्च भरलेला. दुसऱ्या अंकात भोजराज तिच्याकडे वळला आणि तालमीत कधीच नसलेलं वाक्य बोलला. तिच्या अंगाबद्दल, घाणेरडं. लोक खिदळले.

असलंच एक वाक्य बोलायला सांगितलं म्हणून भोजराजने भर हंगामात एक कंपनी सोडली होती. "लोक मायबहिणी घेऊन येतेत," म्हणायचा.

जनाबाई नाटक विसरली. "तुमी असे बोलत नव्हते," ती पडद्याला म्हणाली. "कोनं शिकवलं तुमाले?"

तिच्या वाक्यासाठी ठेवलेला वेळ संपेपर्यंत तो थांबला, हसला आणि पुढचं बोलला. ते आणखी घाण होतं. लोकांना वाटलं, हे भांडण नाटकातलंच. टाळ्या पडल्या.

अंक संपताच तिने कुलदीपला गाठलं. "ते काढ."

"पब्लिकले तेच पायजे, काकू."

"ते जिते असते तं तुह्या थोबाडात मारले असते."

"जिते असते तं मले हे कराच नसतं लागलं," कुलदीप शांतपणे म्हणाला.

जनाबाई पुढच्या अंकाला उभी राहिली नाही. कुलदीपने कंपनीतल्या दुसऱ्या नटीला, रिताला, तिचं लुगडं नेसवून पाठवलं. पडद्यावरच्या भोजराजने तिलाही 'जने' म्हणूनच हाक मारली.

त्या हंगामात कंपनीला गावोगावची बोलावणी आली. प्रयोग आंधळगावला झाला, तेव्हा भोजराजची मावसबहीण मंगलाबाई सुनांना घेऊन बघायला गेली. पुढच्या आठवड्यात ती वरठीला आली. चहा झाला, तरी तिची चुळबुळ थांबेना.

"खरं सांग वयनी," ती शेवटी म्हणाली, "भाऊ घरी असाच बोले का?"

"नाही वं. ते नोहेत ते. मशीन हाये."

मंगलाबाईने मान हलवली, पण नजर वर केली नाही. "मी तं आपल्या डोळ्यानं पायलं," ती म्हणाली.