उपाशी गाड्यांचं ॲव्हरेज

शिक्रापूरला मारुतरावांच्या ट्रान्सपोर्ट यार्डात पाय ठेवायला जागा नव्हती. आसपासचे गाडीमालक फळ्यावरचे आकडे पाहून हात जोडत होते. हौशीराम महाराजांनी सात ट्रकांना तांब्याचं यंत्र बांधलं आणि लिटरला चार किलोमीटर जाणाऱ्या गाड्या पाच जायला लागल्या. इंजिनातली मरगळ मी ओढून घेतो, असं महाराज सांगत होते. एसटीच्या शिरूर डेपोत बत्तीस वर्षं मी इंजिनं खोलली. काजळी सापडली, तुटक्या रिंगा सापडल्या, मरगळ एकदाही सापडली नाही.

आठवी गाडी भिमाजी गायकवाड चालवायचे. ते बौद्ध, यंत्र बांधायला त्यांनी साफ नकार दिला. त्यांच्या गाडीचं ॲव्हरेज साडेतीनवर आलं. मारुतरावांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की हा माणूस गाडीला लाभत नाही, सोमवारपासून त्याने यायचं नाही. एकोणीस वर्षांत एक अपघात नाही, आणि नोकरी गेली तांब्याच्या पत्र्यापायी! माझं डोकं फिरलं.

मी तडक वजनकाट्यावर गेलो. तिथे पावत्या करणाऱ्या सविताला विचारलं, यंत्राच्या गाड्या माल किती नेतात?

"मामा, त्या गाड्यांना एकवीस दिवस उपास हाय. सोळा टनांऐवजी आठच भरायचे, महाराजांचा नियम. उरलेला माल भिमाजीआप्पांच्या गाडीत, जाताना बी सोळा टन आन् येताना बी तिकडचा सोळा टन. बाकीचा गोदामात पडून हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणी इचारलंच न्हाई."

पावत्या घेऊन मी फळ्यापाशी आलो. एका लिटरमध्ये किती टन माल किती किलोमीटर गेला, याचा गुणाकार मांडला. पूर्वी गाड्या सोळा टन नेऊन रिकाम्या परतायच्या, म्हणजे जाऊन-येऊन सरासरी आठ टन गुणिले चार, बत्तीस. यंत्र बांधून उपाशी धावल्या, तेव्हा सरासरी चार टन गुणिले पाच, वीस. भिमाजींची गाडी दोन्ही वेळा भरलेली, सोळा गुणिले साडेतीन, छप्पन्न. ज्याला हाकललं, तोच सगळ्यांत जास्त काम करत होता!

महाराज म्हणाले, श्रद्धा गणितात मावत नाही. मी म्हटलं, डिझेलच्या टाकीत मावते का बघू. मारुतरावांना राजी करून दुसऱ्या दिवशी यंत्राची गाडी सोळा टन भरून पाटसला पाठवली, भिमाजींची आठ टन भरून. दोन्ही रिकाम्या परतल्यावर टाक्या पुन्हा काठोकाठ भरून डिझेल मोजलं. यंत्राची गाडी चार, भिमाजींची पाच. गाडीच्या मनात किंतू आला, असं पुटपुटत महाराजांनी झोळी उचलली.

मारुतराव भिमाजींना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सोमवारी ये कामावर."

"मालक, काढलं ते चारचौघांत. ठेवताना कानात का सांगता?"

मग मारुतरावांना फळ्यापुढे उभं राहून सगळ्यांदेखत बोलावं लागलं. मान खाली घालून बोलले, पण बोलले.

महाराज लबाड होताच. पण आपण? आकडा पाहिला की हात जोडतो आणि गाडीत माल किती होता, एवढं विचारत नाही. तीन आठवडे मीही विचारलं नाही, आणि तेवढ्यात एका कष्टाळू माणसाला आपण सगळ्यांनी मिळून अपशकुनी ठरवलं. लाज वाटू द्या, आणि पुढच्या वेळी आधी काट्यावर जा.